न हलणारी दुर्बीण

पद्माकर दामले मूळचे पेणचे. पेणचा माणूस म्हटलं की लोक गणपतीचं विचारतात, आणि दामल्यांना ते विचारलेलं आवडायचंही. त्यांच्या शेजारीच मूर्तींचा कारखाना होता आणि शाळकरी वयापासून ते तिथे पडीक असत. माती मळायला, रंग द्यायला माणसं पुष्कळ होती. दामल्यांना बोलावणं यायचं ते डोळ्यांच्या आखणीला. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात जोखमीचं काम. रेघ केसभर इकडेतिकडे झाली की देव तिरळा दिसतो, आणि तिरळा देव गिऱ्हाईक घेत नाही. दामले कुंचला टेकवायचे, श्वास धरायचे आणि एका दमात रेघ ओढून मोकळे व्हायचे. कारखान्याचे मालक म्हणायचे, ह्याचा हात देवाने सुट्टीच्या दिवशी निवांत बसून केलाय.

त्या हाताच्या जोरावरच पुढचं सगळं झालं. डिप्लोमा, चिंचवडच्या कारखान्यात मोजमाप विभागात वीसेक वर्षं, आणि २००२च्या फेब्रुवारीत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, बायको कुंदा आणि पाच वर्षांची मुलगी स्वरूपा यांना घेऊन थेट जर्मनी. गेर्लिंगेनच्या जवळ इंजिनाचे बारीक भाग बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथल्या मापन खोलीत. साबुदाण्याएवढा एक भाग चिमट्याने उचलायचा, मायक्रोस्कोपखाली ठेवायचा, मोजायचा, परत डबीत ठेवायचा. दिवसातून दोनशे वेळा. दुसरा कुणी वेडा झाला असता. दामले खूश होते.

आणि हाच हात २००५च्या गणपतीत थरथरला.

स्टुटगार्टच्या आसपासची तीसेक मराठी कुटुंबं मिळून गणपती बसवायची आणि मूर्ती दरवर्षी दामले घरीच मातीची करायचे. त्या वर्षी आखणीला बसले, कुंचला टेकवला, श्वास धरला, आणि रेघ नागमोडी गेली. पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी डाव्या हाताने उजवं मनगट धरून कशीबशी ओढली. मूर्ती न्यायला आलेला हरीश, बोब्लिंगेनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला मुंबईचा मुलगा, म्हणाला, "काका, बाप्पा यंदा जरा डावीकडे बघतायत का?" दामले म्हणाले, "इथले कुंचले भिकार." हरीश हसला आणि विषय तिथेच संपला. दामल्यांच्या डोक्यातून मात्र तो जाईना. त्यांचे काका कंपवाताने गेले होते. काकांची आमटीची वाटी ताटापासून ओठापर्यंत पोचेस्तोवर अर्धी सांडलेली असायची. ते घरातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं होतं.

दामल्यांनी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. कारण साधं होतं. त्यांच्या पासपोर्टात राहण्याच्या परवानगीचा जो कागद चिकटवला होता, त्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं. ही कंपनी, हे काम, तर मुक्काम. काम गेलं की गाशा गुंडाळा. साठ महिने नोकरी झाली की कायमची परवानगी मिळते आणि मग कुणाच्या बापाची भीती नाही. साठातले त्रेचाळीस झाले होते. सतरा महिने हात झाकायचा, इतकंच तर होतं. स्वरूपा आता मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर द्यायची; तिला उचलून पुन्हा चिंचवडच्या शाळेत घालायचं म्हणजे पोरीचा जीव घेणं होतं. आणि कुंदाला सांगायची सोय नव्हती. तिला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता, संध्याकाळी बहिणीला फोन केला असता आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या बॅगा काढल्या असत्या.

मग सुरू झाला तो चोरीचा मामला. दामले सकाळी सहालाच कामावर जायला लागले, खोलीत कुणी नसताना निम्मे भाग उरकायला. कोपर टेबलाला दाबून धरलं की थरथर कमी व्हायची. सही करायच्या कागदाखाली जाड वही ठेवायची. घरी कुंदाने चहा दिला की "राहू दे, गरम आहे" म्हणायचं आणि ती आत वळली की दोन्ही हातांनी प्यायचा. स्वतःच्या घरात स्वतःचा चहा चोरून पिणारा माणूस स्टुटगार्टमध्ये तेव्हा हा एकच असावा.

मापन खोलीचे प्रमुख होते हेर, म्हणजे श्रीयुत, एबर्ले. साठीला टेकलेले, उंच, तुटक बोलणारे, अस्सल श्वाबियन; म्हणजे त्या भागातले लोक ज्यासाठी सगळ्या जर्मनीत चेष्टेचा विषय आहेत तो हात आखडता. दुपारी स्वतःच्या थर्मासमधली कॉफी ते दामल्यांना द्यायचे, पण द्यायचे अर्धाच कप. पूर्वी पूर्ण देत. दामल्यांनी घरी येऊन कुंदाला सांगितलं, "कॉफी महाग झाली वाटतं, साहेब आता अर्ध्यावर आलेत." दोघं खूप हसली.

२००६च्या एप्रिलमध्ये एबर्ले अर्धा कप पुढे करत म्हणाले, "हेर दामले, तुम्हाला जंगल आवडतं?"

"या, गेनाऊ. हो, अगदी," दामले म्हणाले. साहेबाने विचारलं आणि नाही म्हटलं, असं दामल्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नव्हतं.

"मग शनिवारी या. माझा जुना सोबती गेला. एकट्याने बसायचा कंटाळा येतो."

बसायचं म्हणजे कुठे, हे दामल्यांना शनिवारी कळलं. एबर्ले शिकारी होते. आल्बच्या पठारावर, तासाभराच्या अंतरावर, त्यांनी शिकारीचं रान भाड्याने घेतलेलं होतं. कुरणाच्या कडेला लाकडी मचाण होतं, चहूबाजूंनी फळ्यांनी बंद, वर छप्पर, समोर फडताळाएवढी खिडकी. शिडीने वर चढायचं, आतून दार लावायचं आणि तीन तास गप्प बसायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. आणि लघवीला लागलीच तर तो तुमचा प्रश्न. दामले, ज्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं, एका बंदुकीशेजारी मांडीला मांडी लावून बसले होते आणि आपण इथे कसे आलो याचा विचार करत होते.

एबर्लेंनी त्यांना आपली जुनी दुर्बीण दिली. दामल्यांनी डोळ्याला लावली तर सगळं कुरण भूकंप झाल्यासारखं हलायला लागलं. हातातली थरथर दुर्बिणीत आठ-दहा पट होऊन दिसत होती. कडेला काहीतरी तपकिरी पळालं. "ससा," दामले कुजबुजले. "शोन. छान आहे." एबर्लेंनी बंदुकीचं भिंग त्या दिशेला वळवून पाहिलं.

पुढच्या महिन्यात ते नवी दुर्बीण घेऊन आले. जाडजूड, काळी, पोटात दोन पेन्सिल सेल. वर एक बटण. "आता म्हातारपण आलं," एबर्ले आपला पंजा दाखवत म्हणाले. "हात हलला तरी आतली भिंगं त्याच्या उलट सरकतात आणि चित्र जागच्या जागी राहतं. बघा तर खरं."

दामल्यांनी डोळ्याला लावली. पुन्हा तोच भूकंप. मग बोटाने बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि जग थांबलं.

गवताचं पातं न् पातं उभं राहिलं. कुंपणाच्या खांबावरचं शेवाळ दिसलं, खांबावर बसलेला पक्षी दिसला, पक्ष्याच्या डोळ्याभोवतीची पिवळी रेघ दिसली. कुणीतरी एका दमात ओढलेली, सरळ, स्वच्छ. आठ महिन्यांत दामल्यांना काहीही इतकं स्थिर दिसलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दुर्बीण खाली घेववेना.

इथे ते अडकले.

कारण एकदा चित्र स्थिर झाल्यावर दामल्यांचे डोळे काय चीज आहेत ते एबर्लेंना दिसलं. वीस वर्षं मायक्रॉन मोजलेले डोळे. झुडपाच्या आड पानाएवढा कान हलला तरी दामल्यांना तो कान म्हणून कळायचा. त्या भागात रे नावाची लहान हरणं होती, आपल्या भेकराएवढी. सप्टेंबरपासून माद्यांची शिकार सुरू होते, पण तिथल्या शिकाऱ्यांत एक नियम फार कडक पाळतात: पाडस सोबत असलेल्या मादीला हात लावायचा नाही. आईमागे पाडस उरलं तर थंडीत त्याचे हाल होतात. असं करणाऱ्या शिकाऱ्याला कायदा विचारतो, आणि कायद्याच्या आधी त्याच्या शेजारचे शिकारी त्याच्याशी बोलणं टाकतात. म्हणून मादी कुरणात आली की एबर्ले बंदुकीच्या भिंगाला डोळा लावायचे आणि एकच शब्द विचारायचे.

"अलाइन?" एकटी आहे?

दामले झाडीची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायचे. पाडस दिसलं तर नाही म्हणायचे आणि एबर्ले बंदूक बाजूला ठेवायचे. नसेल तर म्हणायचे, "अलाइन," आणि डोळे मिटून घ्यायचे. मग आवाज व्हायचा. दामले स्वतःला समजवायचे की मी नुसता बघतो, मारत नाही. बघणारा आणि मारणारा यांच्यात वीतभरच अंतर होतं, कारण मचाणावरची फळीच तेवढी होती.

खाली उतरल्यावर एबर्ले टोपी काढायचे, झाडाची एक हिरवी काडी मोडून त्या मेलेल्या जनावराच्या तोंडात ठेवायचे, शेवटचा घास म्हणून. दामल्यांना पहिल्यांदा ते पाहून गलबलून आलं. तोंडात तुळशीपत्र ठेवतात ते आठवलं. दुसरी एक काडी एबर्ले स्वतःच्या टोपीत खोचायचे आणि तिचा तुकडा मोडून दामल्यांना द्यायचे, शोधणाऱ्याचा मान म्हणून. दामले तो मान कोटाच्या खिशात कोंबायचे आणि घरी जाण्याआधी कचऱ्यात टाकायचे. मांसाचं पुडकं मिळायचं ते वाटेत हरीशच्या घरी. हरीश त्यात मालवणी मसाला घालून ते संपवायचा आणि साहेबांना दीर्घायुष्य चिंतायचा.

कुंदाला सांगितलं होतं, साहेब हरणं मोजायला नेतात.

"अहो, तिथेही मोजायलाच?" कुंदा म्हणाली होती. पण मनातून तिला अभिमान होता. साहेब सुट्टीच्या दिवशी बरोबर नेतात म्हणजे नवऱ्याला मान आहे. तिने पुण्याला फोन करून सगळ्यांना सांगितलं, की ह्यांच्याशिवाय तिथली हरणं मोजलीच जात नाहीत.

नाही म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? कायमच्या परवानगीच्या अर्जाला जोडायच्या कागदावर एबर्लेंची सही लागणार होती. आणि त्याहून खरं सांगायचं तर दामल्यांना ती दुर्बीण सोडवत नव्हती. ऑक्टोबरात एबर्ले म्हणाले, "माझ्या घरी दमट होतं, तुमच्याकडेच राहू दे." तेव्हापासून दामले रोज संध्याकाळी बाल्कनीत उभे राहून बटण दाबायचे. समोरच्या टेकडीवरचं चर्च, त्याच्या घड्याळाचा काटा, खालच्या गल्लीत सायकल लावणारी बाई. सगळं जागच्या जागी. स्वरूपा एकदा बाहेर येऊन म्हणाली, "पापा, वास सीस्ट दू दा?" काय बघतोयस तिथे? "घड्याळ," दामले म्हणाले. तिने आत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि खांदे उडवून ती आत गेली.

रोज अर्धा तास बटण दाबलं की सेल संपतात, हे मोजमापाच्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. गुरुवारी त्यांनी जवळचे जादा सेलही घालून टाकले. नवे शनिवारी घेऊ म्हणाले. शनिवारी एबर्ले अर्धा तास लवकर आले.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. पठारावर कडाक्याची थंडी होती, गवतावर दुपारचंही दव गोठलेलं. साडेतीनला दोघं मचाणावर चढले. दामल्यांच्या अंगात कुंदाने विणलेला स्वेटर, त्यावर कोट, त्यावर एबर्लेंनी दिलेलं कांबळं, तरी दात वाजत होते. थंडीत थरथर वाढते, हेही आता त्यांना कळलं होतं. मनात हिशेब चालू होता: सत्तावन्न महिने झाले. तीन राहिले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मग ह्या खोक्यातून बाहेर.

सव्वाचारला कुरणात मादी आली. झाडीच्या कडेपासून तीस-चाळीस पावलांवर, मान खाली घालून चरू लागली. उजेड उतरत होता, अजून वीसेक मिनिटं धड दिसलं असतं. एबर्लेंनी हळूच बंदूक उचलली. दामल्यांनी दुर्बीण लावली आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, दोनदा लुकलुकला आणि विझला.

पुन्हा दाबलं. काही नाही. थंडीने उरलेसुरले सेलही बसले होते.

डोळ्यांसमोर नुसती तपकिरी-करडी कालवाकालव चालली होती. मादी कुठली, झाडी कुठली, झाडीतली सावली कुठली, काही धड कळत नव्हतं. दामल्यांनी कोपर खिडकीच्या फळीवर दाबलं. मनगट दाबलं. श्वास धरला. पेणच्या त्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. हात ऐकेना.

"अलाइन?" एबर्ले.

सेल संपले, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मग एबर्ले म्हणाले असते, मग बटणाशिवाय बघा, शंभर पावलांवर तर आहे. कुणालाही दिसेल. कुणालाही दिसतं ते तुम्हाला का दिसत नाही, हेर दामले? आणि मग सोमवार. मग कंपनीचा डॉक्टर. मग तो पासपोर्टातला कागद. तीन महिने राहिले होते. दामल्यांनी स्वतःला सांगितलं, एवढ्या वेळात एकही पाडस दिसलं नाही, म्हणजे नसेलच. चिंचवडला एखाद्या पोराने न मोजता 'बरोबर असेल' म्हटलं असतं, तर दामल्यांनी त्याला उभा सोलला असता.

"अलाइन," दामले म्हणाले आणि डोळे मिटले.

आवाज झाला.

शिकारी लगेच खाली उतरत नाहीत. दहा मिनिटं थांबतात, जनावराला शांतपणे जाऊ देतात. ती दहा मिनिटं दोघं बसून होते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला झाडीतून पाडस बाहेर आलं. त्याला पाहायला दुर्बीण लागली नाही. ते थोडं चाललं, थांबलं, पुन्हा चाललं, आणि आडव्या पडलेल्या आईजवळ येऊन उभं राहिलं. तिच्या मानेला नाक लावलं. मग पुढच्या पायाने तिला एकदा ढोसलं, उठ म्हणून.

एबर्लेंनी दामल्यांकडे पाहिलं. रागावले नव्हते ते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला दिसत नव्हतं," दामले म्हणाले. "सेल संपले होते. माझे हात थरथरतात. वर्ष झालं. सव्वा वर्ष. बटणाशिवाय मला काही दिसत नाही."

एबर्लेंनी बंदूक बाजूला टेकवली. मग म्हणाले, "ठाऊक आहे."

"काय?"

"एप्रिलमध्ये तुम्ही कोल्ह्याला ससा म्हणालात. दोन मायक्रॉनची चूक नुसत्या नजरेने पकडणारा माणूस. तेव्हा खात्री झाली. त्याच्या आधीपासून कॉफी सांडत होती." त्यांनी आपला पंजा खिडकीच्या उजेडात धरला. दगडासारखा स्थिर. "माझ्या हाताला काही झालेलं नाही, हेर दामले. हलत्या हाताने शंभर पावलांवर नेम लागतो का? ती दुर्बीण मी तुमच्यासाठी घेतली."

दामले मनातल्या मनात जोडत गेले. अर्धा कप. दमट घर. माप घेणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी सहा महिने ह्या माणसाच्या शेजारी बसून त्याच्या हाताकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आपला हात झाकण्यातून सवड झाली तर ना.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून. माणसाने स्वतः सांगावं, असं मला वाटतं. मी शिकारी आहे, मला वाट बघत बसता येतं." एबर्लेंनी कुरणाकडे पाहिलं. "नको तेवढा बसलो. तुमच्या कागदावर मी गेल्याच महिन्यात सही केली आहे, आणि हात बघून माणूस काढायचा असता तर गेल्या वर्षीच काढला असता. चिमट्याशिवायचं कामही आहे माझ्याकडे. सोमवारी आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. आणि ह्या मादीचं मी शिकार कार्यालयाला कळवीन. माझं बोट होतं, माझं नाव लिहीन."

दामले रडायला लागले. आवाज न करता, कारण मचाणावर आवाज करायचा नसतो, ही सवय अंगात भिनली होती.

एबर्लेंनी कोटाच्या खिशातून दोन पेन्सिल सेल काढले. कायम बाळगत असावेत. दामल्यांच्या हातातून दुर्बीण घेऊन त्यांनी जुने काढले, नवे घातले आणि दुर्बीण परत त्यांच्या हातात दिली.

"ते एकटं इथे राहिलं तर दोन महिने कुढत, उपाशी मरेल. लवकर बर्फ पडलं तर एकाच महिन्यात." त्यांनी कुरणातल्या पाडसाकडे मान वळवली. "पण कधीकधी जुळी असतात. दुसरं कुठे उभं आहे का ते मला कळलं पाहिजे. आता नीट बघा. घाई नाही."

दामल्यांनी दुर्बीण लावली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. जग थांबलं.

त्यांनी झाडीची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग उलटी पाहिली. एकेक झुडूप, एकेक सावली. दुसरं पाडस नव्हतं. मग त्यांनी दुर्बीण आईजवळ आणली. पाडस आता तिच्या पोटाला टेकून खाली बसलं होतं, कान उभे करून, सरळ मचाणाकडे तोंड करून. त्याच्या डोळ्याभोवतीची काळी रेघसुद्धा दिसत होती.

"अलाइन?" एबर्लेंनी विचारलं.

"अलाइन," दामले म्हणाले. ह्या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

खाली उतरल्यावर एबर्लेंनी दोन काड्या मोडल्या, आई आणि पाडस, दोघांच्या तोंडात एकेक ठेवली. टोपीत खोचायला तिसरी मोडली नाही. टोपी हातात धरून ते नुसते उभे राहिले, आणि दामले त्यांच्या शेजारी.

घरी पोचले तेव्हा साडेसात वाजले होते. स्वरूपा आत टीव्ही बघत होती. कुंदाने विचारलं, "किती मोजलीत आज?" आणि उत्तराची वाट न बघता चहा टाकला. भरलेला कप तिने टेबलावर ठेवला आणि सवयीने आत वळली.

"थांब," दामले म्हणाले. "बस जरा."

ती बसली. दामल्यांनी उजव्या हाताने कप उचलला. डावा हात मांडीवर ठेवून दिला. कप बशीवर वाजला, चहा हिंदकळला, मेजपोसावर सांडला, स्वेटरवर सांडला. कुंदा फडकं आणायला उठू लागली.

"राहू दे. आधी बघ," दामले म्हणाले.

तिने पाहिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, गणपतीच्या डोळ्यांपासून. सहा वाजताच्या कामाचं, सोमवारच्या डॉक्टरचं, हरीशकडच्या पुडक्यांचं, हरणं मोजायला म्हणून जे सांगितलं होतं त्याचं. तिने कप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. दामले पाडसापर्यंत आले तेव्हा ती म्हणाली, "अहो, तेव्हा तरी डोळे मिटायचेत ना. हात एवढे थरथरतायत, तुम्हाला दिसलं तरी काय असेल?"

"सगळं दिसलं, कुंदा," दामले म्हणाले. "त्या दुर्बिणीत काहीच हलत नाही."